एका हुकाला एकच बिल्ला

माझ्या दाजींबद्दल सांगायचं तर आधीच बोलून टाकते, मला त्या माणसाचा भयंकर राग येतो. आणि हेही बोलून टाकते, की त्यांच्याइतका सरळ माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आता यातलं कुठलं खरं, असं मला विचारू नका. माझ्याकडे असल्या प्रश्नांना वेळ नाही, मला सणाचे ब्लाउज शिवायचे आहेत.

मी काशी. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात माझं शिवणाचं दुकान आहे, फॉल-पिकोपण करते. दाजी म्हणजे भीमराव, माझ्या थोरल्या बहिणीचे, गंगूताईचे मिस्टर. बदलापूरला बेलवलीत राहतात, स्टेशनपासून आत, पहिल्या मजल्यावर. अख्खी नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका इंजिनिअरिंग कंपनीत गेली, टूल रूममध्ये.

टूल रूम म्हणजे काय, ते मलाही ताईच्या लग्नानंतरच कळलं. कारखान्यातली सगळी हत्यारं एका जाळीच्या खोलीत असतात आणि जाळीच्या खिडकीत दाजी बसलेले. कामगार आला, ड्रिल पाहिजे म्हणाला, की त्यानं आपल्या नंबरचा पितळी बिल्ला काढून द्यायचा. ड्रिल जिथे टांगलेलं असायचं त्याच हुकाला दाजी तो बिल्ला अडकवणार, मगच ड्रिल देणार. ड्रिल परत आलं की बिल्ला परत. त्यामुळे भिंतीकडे बघितलं की कुठली वस्तू कुणाकडे गेलीय ते कळायचं. साहेब लोक येऊन ओरडायचे, "भीमराव, मायक्रोमीटर कुठाय?" दाजी मानही वळवायचे नाहीत. म्हणायचे, "बिल्ला बघा ना साहेब, मला कशाला विचारता."

त्या खिडकीत त्यांचं आयुष्य गेलं आणि एक दिवस मालकानं कंपनी गुजरातला हलवली. मशिनी गेल्या, जाळी भंगारात गेली. बिल्ले कुणालाच नको होते. दाजी पिशवी भरून घरी घेऊन आले. ताईनं मला फोन केला, "काशी, लोक रिटायर होताना घड्याळ आणतात, यांनी पितळ आणलंय. मोडीत तरी जाईल का गं?" मी हसून हसून मेले.

आता त्या घराची तेव्हाची तऱ्हा सांगते. घरात तीन माणसं, दाजी, ताई आणि त्यांची एकुलती एक पोरगी भावना. तीन माणसांत भांडणं तीस माणसांची. गॅस संपला, कुणी नंबर लावला? कुणी नाही. लाइट बिलाची तारीख गेली. बारवी धरणाचं पाणी उद्या बंद, टाकी कुणी भरली? सगळं ताईच्या डोक्यात. कुणाचं बारसं, कुणाची हळद, विहारात कुणाची पाळी, भावनाच्या परीक्षेचा फॉर्म, दाजींची शुगर. ती झोपेतपण बडबडायची, "मोटर बंद केली का, मोटर?" बीपी वाढलं. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. टेन्शन घेऊ नका म्हणे! जसं काही आम्ही मार्केटात जाऊन किलोनं आणतो.

दाजींनी ते ऐकलं आणि कामाला लागले. प्लायवूडचा एक बोर्ड कापला, निळा रंग मारला, त्यावर हुकांच्या रांगा. सगळं कसं मापात, बघत राहावं असं. ताईला वाचायला फारसं जमायचं नाही, म्हणून अक्षर एक नाही. काम निघालं की त्या कामाची वस्तू हुकाला लावायची. गॅस संपत आला की नळीचा तुकडा. लाइट बिल आलं की फ्यूज. पाणी भरायचं तर नळाची जुनी तोटी. औषध आणायचं तर गोळ्यांचं रिकामं पाकीट. मग ज्यानं ते काम उचललं त्यानं त्याच हुकाला स्वतःचा बिल्ला टांगायचा. काम झालं की वस्तूही खाली आणि बिल्लाही खाली.

"एका हुकाला एकच बिल्ला," दाजींनी नियम सांगितला. "दुसऱ्यानं लुडबूड करायची नाही. आणि एकदा बिल्ला टांगला की विचारायचं नाही, झालं का, कधी होणार. टांगला म्हणजे टांगला."

भावना म्हणाली, "पप्पा, याला मोबाइलमध्ये ॲप असतं."

"ॲप स्वयंपाकघरातून दिसतं का?" दाजी म्हणाले. भावनानं मला डोळा मारला. पण स्वतःचा बिल्ला मात्र लगेच निवडून घेतला, त्याला नेलपॉलिशनं ठिपकापण दिला.

मी म्हटलं होतं, चार दिवसांचं खूळ आहे. पण खोटं कशाला बोलू, त्या घरात शांतता आली. खरंच आली. ताई दुपारची झोपायला लागली. मला म्हणाली, "काशी, आता डोक्यात काय ठेवायला लागत नाही गं. भिंतीला सांगितलं की झालं." डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. आणि दाजींचा शब्द तर काय सांगू! त्यांचा बिल्ला कुठे लागला आणि काम राहिलं, असं एकदाही झालं नाही. ताप असला तरी रॉकेलच्या रांगेत जाणारा माणूस तो, त्याला काय गॅसचा नंबर लावायला जड जाणार? शेजारच्यांनी येऊन बोर्ड बघितला. मीपण दुकानात एक लावला. पण गिऱ्हाईक आणि विचारणार नाही, हे कसं व्हायचं! "अदी, मेरा ब्लाउज़ हुआ क्या? अदी, फ़ंक्शन है!" सिंधीत ताईला अदी म्हणतात. माझ्या सिंधी बायकांना बिल्ला दाखवला तर म्हणाल्या, बहुत अच्छा है, ब्लाउज़ दिखाओ. काढून ठेवला मी तो बोर्ड.

पुढे भावना शिकली, नाशिकला एका ऑफिसात लागली. सुट्टीला यायची. आणि बुद्धपौर्णिमेला आली तेव्हा ते सगळं झालं.

घरात दाजींचे कंपनीतले जुने मित्र आले होते. विहारातून सगळे एकत्र घरी आले, पांढरे कपडे, खिरीच्या वाट्या हातात. दाजी छाती काढून बोर्ड दाखवत होते. मित्र वा वा करत होते. ताई आत पुऱ्या तळत होती, मी लाटत होते. भावना बोर्डसमोर जाऊन उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "पप्पा, हे बघितलंत का? बघावं त्या हुकावर आईचाच बिल्ला आहे. तुमचे दोन. बाकी सगळे आईचे."

दाजी म्हणाले, "तिनं उचलली ती कामं. कुणी जबरदस्ती केली?"

"उचलणारच ना ती. तुम्ही बसता वाट बघत, कोण उचलतंय म्हणून. तुम्ही अजून त्या खिडकीतच बसलाय पप्पा, आणि आईला हेल्पर करून ठेवलंय. टेन्शन कमी झालं म्हणे! बोलायचं बंद झालंय फक्त."

आता बघा, पोरगी खोटं बोलत नव्हती. मीच तर पाहत होते ना, ताईचे बिल्ले वाढत चालले होते. पण चारचौघांत, बापाच्या मित्रांसमोर, सणाच्या दिवशी! तोंडाला काही लगाम? दाजींचा चेहरा काळाठिक्कर पडला. ते मोठ्यानं बोलत नाहीत, त्यांचा आवाज उलटा खाली जातो. म्हणाले, "ज्याला माझ्या घराची पद्धत पटत नाही, त्यानं या घरात पाय ठेवायचा नाही."

भावनानं स्वतःचा नेलपॉलिशच्या ठिपक्याचा बिल्ला पर्समधून काढून टीव्हीवर ठेवला आणि बॅग घेऊन जिना उतरली. ताई पिठाच्या हातानं मागे धावली, पुऱ्यांचा डबा तरी घेऊन जा म्हणून. रिक्षा निघूनपण गेली होती. बाप आणि लेक, दोघांनी एकच नाक वाटून घेतलेलं, आणि त्या नाकावर माशी बसू द्यायची नाही. मधल्यामध्ये माझी ताई.

पुढे ताई मला सांगून सांगून थकली, तू समजाव यांना. मी समजवायला गेले की दाजी पेपर उघडायचे. ताई भावनाशी फोनवर बोलायची, पण दाजी बाहेर गेले की. बोलून झालं की डोळे पुसून भाजी चिरायला बसायची. तिला फोनवरची पोरगी नको होती. तिला दारातून आत येणारी पोरगी पाहिजे होती, चपला अस्ताव्यस्त टाकून, आई भूक लागली म्हणणारी.

आणि मग पावसाळ्यात ताईला अर्धांग झालं. आंघोळ करून बाहेर आली आणि कोसळली. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

उल्हासनगरला दवाखान्यात ठेवलं होतं, माझ्या घरापासून जवळ. भावना त्याच दिवशी आली, तिला कुणी बोलवायला लागलं नाही. दिवसभर आईजवळ बसायची, झोपायला माझ्याकडे. दाजीही तिथंच. पण ती आत आली की हे बाहेर जाऊन बाकड्यावर बसणार. हे आत गेले की ती खाली चहाच्या टपरीवर. मला दोघांच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटायचं. अरे, बाई अर्धी लुळी पडलीय, तुमचं काय चाललंय!

घरी न्यायच्या दिवशी भावनानं आईला उचलून गाडीत बसवलं, पाय नीट केले, उशी लावली. दाजी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते, समोर बघत. भावना दरवाजा धरून उभी. नुसतं "बस" म्हटलं असतं तरी बसली असती. ताईनं डाव्या हातानं तिची ओढणी धरून ठेवली होती. ड्रायव्हर म्हणाला, चलायचं का? दाजी म्हणाले, चला. ती ओढणी मी सोडवली ताईच्या मुठीतून. अजून माझ्या बोटांना आठवतं ते.

त्या संध्याकाळी भावना माझ्याकडे बसून रडली. म्हणाली, "मावशी, पप्पांनी एकदा, स्वतःच्या तोंडानं मला ये म्हणावं. माफी नको, काही नको. मी नोकरी सोडून येते आईजवळ. पण ज्या घरात पाय ठेवू नको म्हणाले, तिथं मी न बोलावता कशी जाऊ? उद्या आईदेखत परत म्हणाले तर आईचं काय होईल?" मी तिला शिव्याही घातल्या आणि जवळपण घेतलं. ती नाशिकला गेली.

आता दाजींचं सांगते, म्हणजे मला त्यांचा राग धड का करता येत नाही ते कळेल. त्या माणसानं ताईचं सगळं केलं. सगळं म्हणजे सगळं. अंग पुसणं, कपडे बदलणं, मालिश, भरवणं. ज्याला चहा करता येत नव्हता, तो मऊ भात आणि वरण करायला शिकला. ताईच्या केसांची वेणी घालायला शिकला, वाकडी का होईना. बोर्डावरचे सगळे बिल्ले आता त्यांचेच होते. ताईचे बिल्ले त्यांनी धुऊन, पुसून एका फडक्यात बांधून ठेवले होते. एकदा मला म्हणाले, "भावना बरोबर बोलत होती, काशी. मला दिसलंच नाही."

मी म्हटलं, "मग हे मला का सांगताय? तिला सांगा ना!"

त्यावर पेपर उघडला.

दुकान बंद असायचं त्या वारी मी ताईकडे जायचे. माझ्या फोनवर व्हिडिओ लावून भावनाला दाखवायचे. ताई आधी हसायची, पडद्यावर बोट फिरवायची. मग फोन बाजूला ढकलून दाराकडे हात करायची. इकडून ये, असं. आणि तोंडातून नुसता घशातला आवाज. भावना तिकडे फोन बंद करून टाकायची.

असंच एके दिवशी मी गेले होते. दाजी भात लावत होते. ताई पलंगावरून आपली आपण उठली, भिंतीला धरत, पाय ओढत कपाटापाशी गेली. मी धरायला गेले तर हातानं नको म्हणाली. खालच्या खणात खूप शोधाशोध केली आणि भावनाचा शाळेतला लाल हेअरबँड काढला. ती पाय ओढत बोर्डपर्यंत गेली आणि डाव्या हातानं तो हेअरबँड एका रिकाम्या हुकाला अडकवला. एकदा पडला. परत अडकवला. मग वळून दाजींकडे बघत उभी राहिली.

कुकरची शिट्टी झाली तरी कुणी हललं नाही. दाजींनी हात पुसले, खिशातून बिल्ला काढला आणि त्या हुकाला टांगला.

ताईच्या तोंडाची जी बाजू हलायची, तेवढ्या बाजूनं ती हसली. माझ्या खांद्याला धरून पलंगावर आली आणि निवांत आडवी झाली, जणू काम झालंच. झालंच ना तिच्या दृष्टीनं. एवढ्या वर्षांत तो बिल्ला टांगला आणि काम राहिलं, असं तिनं कधी पाहिलेलंच नव्हतं.

जिन्यात मी दाजींना गाठलं. "कधी करताय फोन?"

"बिल्ला टांगलाय ना, काशी."

मी घरी आल्या आल्या भावनाला कळवलं, तुझा बाप फोन करणार आहे, बिल्ला लावलाय. ती मग म्हणाली, "खरंच, मावशी? लावला?" तिलाही माहीत होतं ना त्या बिल्ल्याचं वजन.

पुढच्या खेपेला गेले तर हेअरबँड तिथंच, बिल्ला तिथंच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तसंच. तिकडे भावनाला विचारायचे, आला का गं? ती म्हणायची, नाही मावशी. माझा जीव टांगणीला. शेवटी एकदा मी तडकले. म्हटलं, "दाजी, द्या इकडे तो मोबाइल, मी लावून देते. नाहीतर मीच बोलते तुमच्या वतीनं. खालीपिली त्या बाईला का आशेला लावलंय?"

दाजी एवढंच म्हणाले, "एका हुकाला एकच बिल्ला."

मी आणखी बोलणार होते, पण ताईनं पलंगावरून हात वर केला. तोंडावर बोट ठेवलं. म्हणजे मी गप्प बसायचं! माझ्यावरच डोळे वटारले तिनं. टांगल्यावर विचारायचं नाही, हा नियम तिला अजून पक्का होता. कप्पाळ माझं.

आणि तिची तयारी चालू झाली होती. मला खुणेनं सांगून सुके बोंबील आणायला लावले, भावनाला आवडतात म्हणून. डबा स्वतः हाताखाली ठेवून घेतला. माळ्यावरची फुलाफुलांची चादर काढून दाजींना धुवायला लावली. खाली कडी वाजली की मान दाराकडे. दूधवाला असायचा, नाहीतर खालच्या मजल्यावरची काकू असायची. मग परत उशीवर डोकं टेकायची. चिडायची नाही. हेच मला सहन व्हायचं नाही. तिनं चिडायला पाहिजे होतं.

सकाळी चहात बिस्कीट बुडवून दाजी तिला भरवत होते, तेव्हा तिला दुसरा झटका आला. हातातली बशीपण खाली ठेवायला मिळाली नाही त्यांना. मला फोन आला, त्यात शब्दच नव्हते, नुसतं "काशी, काशी." मी रिक्षात बसल्या बसल्या भावनाला फोन केला. तो फोन मला करावा लागला.

घर भरलं. पांढऱ्या साड्या, विहारातली माणसं, कंपनीतले मित्र. कोण विचारतंय फुलं कुणी आणायची, कोण विचारतंय गाडी कुणी सांगितली, आणि दाजी नुसते ताईच्या पायाशी बसलेले. कामांची वाटणी करणारा माणूस तो, त्याला एक काम सांगता येईना.

दुपार उलटल्यावर भावना आली. जिना चढून आली आणि उंबऱ्याशी थांबली. चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि तिथंच उभी. आत आई निजवलेली दिसत होती, तरी उभी. मी जवळ गेले तर हळूच म्हणाली, "मावशी, पप्पा अजून म्हणाले नाहीत."

मी काय बोलले ते सगळं इथं सांगण्यासारखं नाही. मसणात गेला तुमचा मान, एवढं आठवतं. दंडाला धरून ओढलं तिला आत. ती आईच्या अंगावर पडली आणि दाजी उठून बाजूला झाले, तिला जागा द्यायला.

जलदान विधी झाला. पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात आम्ही तिघंच. भावनानं चहा ठेवला होता. दाजी खुर्चीत बसले होते, दाढी वाढलेली, सदरा तोच. मी लसूण सोलत होते, कारण हाताला काहीतरी पाहिजे होतं. मग दाजी एकदम म्हणाले, "तू फोन केला नाहीस."

भावना वळली. "मी?"

"मी तुला मिस कॉल दिला होता."

माझ्या हातातला लसूण तसाच राहिला. मिस कॉल! तुम्हाला सांगायला नको, एके काळी आपण सगळेच तसं करायचो. बॅलन्स महाग. भावना कॉलेजात होती तेव्हा एक रिंग देऊन कट करायची. म्हणजे पप्पा, तुम्ही करा. दाजी लगेच करायचे, कुठे आहेस, न्यायला येऊ का. त्यांच्या घरात मिस कॉल म्हणजे निरोपच होता. आता जग कुठल्या कुठे गेलं, फोन फुकट झाले. पण दाजी तिथंच.

भावना म्हणाली, "दिसला होता पप्पा." तिचा आवाज फार बारीक झाला होता. "ऑफिसात होते. फोन समोरच होता. पप्पा असं नाव आलं, एकदाच वाजला आणि बंद झाला."

"मग?"

"मला वाटलं चुकून बोट लागलं. मग वाटलं, धीर झाला नसेल, परत कराल. मी वाट बघत होते. जेवताना फोन ताटाजवळ, झोपताना उशाशी. बाथरूमलासुद्धा घेऊन जायचे." तिनं चहा गाळून कप दाजींच्या हातात दिला. "करायला घेतला होता मी, एकदा नाही, खूपदा. पण मावशी म्हणाली होती तुम्ही बिल्ला लावलाय. मग मी कशी करणार? ते काम तुमचं होतं ना."

दाजी जमिनीकडे बघत म्हणाले, "मी समजत होतो, तुझा राग गेलेला नाही म्हणून करत नाहीस. दुसऱ्यांदा द्यायची लाज वाटली."

ऐका. ऐकताय ना? एक घंटी वाजली, दोन्ही घरांत दोन माणसं फोन घेऊन बसली, आणि मधे माझी ताई बोंबलाचा डबा उशाशी घेऊन दाराकडे बघत गेली. मला ओरडायचं होतं. मी परत लसूण सोलायला घेतला.

"मला बोलायला जमणार नव्हतं आपणहून," दाजी म्हणाले. "तू केला असतास तर बोललो असतो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. भात लावताना, कपडे धुताना म्हणून बघायचो."

भावनानं विचारलं, "काय बोलणार होतात?"

दाजींनी कप खाली ठेवला. पोरगी समोर उभी असताना तिच्याकडे बघितलं नाही, दाराकडे बघितलं. घसा खाकरला, आणि पाठ केलेलं जसंच्या तसं, एका दमात म्हणून टाकलं.

"भावना, मी पप्पा बोलतोय. माझं चुकलं. आई तुझी वाट बघते. आज निघ. घरी ये."

भावना ओट्याला धरून खाली बसली. "आले पप्पा," ती म्हणाली. "आले मी."

आणि मग ते दोघं रडले, ताईला नेलं तेव्हाही रडले नव्हते इतकं.